राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि आपल्या समाजातील विद्यार्थी

(बेंबळी येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेले भाषण)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस विषय नेमून दिला तो असा, की माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाने अथवा मुलीने सैन्यातील अधिकारी होण्याची तयारी कशी करावी. या प्रसंगी संतशिरोमणी नामदेवमहाराजांच्या चरित्रावर प्रवचन होते, गुणवंतांचा सत्कार होतो, वधूवरांचा परिचय होतो. त्या क्रमात हा विषय काही मंडळींना परका वाटण्याचा संभव आहे. 'आपण सुईदोऱ्याची माणसे. आपल्याला तलवारीशी काय करावयाचे आहे?' असा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. तो कुत्सितपणाने विचारला जातो असे नव्हे. मुलाच्या काळजीपोटीच विचारला जातो. म्हणून प्रथम त्याचाच परामर्श घेऊ.

सैन्य हा ठरावीक जातींचाच व्यवसाय होय, हा समज आज ज्या पक्क्या स्वरूपात आपल्या मनात बसला आहे, त्या स्वरूपात तो इंग्रजी अमदानीत रूढ झाला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी हिंदी जातींची 'लढाऊ' आणि 'बिगरलढाऊ' अशी वाटणी केली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. त्याचा परिणाम काय झाला तो पाहा. ज्या महार समाजातील पुरुषांनी मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, सुभेदारीपर्यंत मजल मारली, त्यांची भरती १८९० नंतरच्या काही वर्षांत बंद करण्यात आली. आणि दुसऱ्या महायुद्धात माणसांची गरज भासू लागताच १९४१ साली त्याच समाजाच्या नावाने महार रेजिमेंट उभी करण्यात आली. एका हुकमाने संपणारे आणि दुसऱ्या हुकमाने परत येणारे शौर्य कोणत्याही जातीच्या अंगी असू शकत नाही. संपला होता तो हुकूमच. शौर्य जेथे होते तेथेच होते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश देताना जात पाहिली जात नाही. तेथे जातवार राखीव जागा नाहीत. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांस आणि मुलींस परीक्षेचे शुल्क माफ आहे, एवढीच काय ती सवलत. उत्तरपत्रिका मात्र सर्वांची एकाच मापाने मोजली जाते. ज्या समाजाचा सारा जन्म माप घेण्यात गेला त्याने अशा मापाची भीती बाळगू नये.

आता दुसरी गोष्ट. आपल्या भागातील मुले या वाटेस फारशी का लागली नाहीत, याचे कारण जातीइतकेच इतिहासातही आहे. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे शिक्षणाचे माध्यम बव्हंशी उर्दू होते आणि मराठी मुलांस माध्यमिक शिक्षणाची दारे फारच थोडी होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी आपल्या नळदुर्गास पोहोचली. १७ सप्टेंबर रोजी निजामाच्या सेनेने शरणागती पत्करली. यानंतर अवघ्या एका वर्षाने, ६ ऑक्टोबर १९४९ रोजी, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते खडकवासला येथे प्रबोधिनीची कोनशिला बसविण्यात आली, आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. पुण्यामुंबईच्या मुलांमागे त्या वेळी शाळांची दोन-तीन पिढ्यांची पुण्याई होती. आपल्याकडे शाळांचा पायाच घातला जात होता. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले तेही १९५८ साली. हा उशीर आपल्या बुद्धीचा नव्हता. परंतु आता तो कारण म्हणून सांगत बसण्याचे दिवस संपले आहेत, हेही तितकेच खरे.

ही प्रबोधिनी म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे एकत्र शिकतात. शिक्षण पुरे होताच त्यांस पदवी मिळते; त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे केरळातील एळिमलाला आणि वायुदलाचे हैदराबादजवळील दुंडीगलला पुढील शिक्षणासाठी जातात. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश, औषधोपचार यांचा भार शासन उचलते. बारावीनंतर मुलाच्या शिक्षणासाठी शेताचा तुकडा विकावा लागणार की दुकान गहाण टाकावे लागणार, ही जी चिंता आपल्या घरांस ग्रासते, ती या एका वाटेवर नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण आमच्या पाहण्यात पुष्कळ पालक तो करीत नाहीत. 'मिलिट्रीत जाणे' या एकाच शब्दात आपण दोन निराळ्या वाटा मिसळतो. एक वाट जवानाची. ती अत्यंत सन्मानाची आहे. देशाच्या सीमा जवानाच्याच खांद्यावर उभ्या आहेत. परंतु २०२२ सालापासून ही भरती अग्निपथ योजनेखाली होते. तिची मुदत चार वर्षांची असून त्यानंतर प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांस कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. दुसरी वाट अधिकाऱ्याची. तिचे एक मुख्य द्वार म्हणजे खडकवासला. गावातील मुले पहाटे रस्त्याने धावताना आपण पाहतो. त्यांच्यापैकी कित्येकांच्या अंगी दुसऱ्या वाटेने जाण्याची पात्रता असते. परंतु त्या वाटेचे नावच त्यांस कोणी सांगितलेले नसते. नाव कळते तेव्हा वय एकोणीस वर्षांचे झालेले असते आणि गणित सुटून चार वर्षे लोटलेली असतात. आम्हांस खंत वाटते ती या मुलांची. परीक्षेत अपयश येणे वेगळे आणि परीक्षा आहे हेच ठाऊक नसणे वेगळे.

आता परीक्षेचे स्वरूप ऐका. संघ लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. शिक्षणक्रम सुरू होते वेळी उमेदवाराचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते आणि तो अविवाहित असावा लागतो. बारावीत शिकत असतानाच परीक्षेस बसता येते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते; नौदल व वायुदल यांसाठी पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित हे विषय हवेत. दर परीक्षेस जागा सुमारे ४०० असतात आणि अर्ज लाखांनी येतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६००, ज्यांपैकी २०० गुण एकट्या इंग्रजीस आहेत. उरलेले ४०० गुण पदार्थविज्ञान, रसायन, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी यांत विभागले आहेत. लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची पाच दिवसांची मुलाखत होते. तिलाही तितकेच, म्हणजे ९०० गुण आहेत.

गणिताच्या पत्रिकेत अडीच तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. म्हणजे एका प्रश्नास मिळाले सवा मिनिट. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. सवा मिनिटात जो प्रश्न सुटतो तो त्या क्षणी विचार करून सुटत नाही. तो पूर्वी शेकडो वेळा हाताखालून गेलेला असावा लागतो. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म येथे आहे. प्रबोधिनीचा प्रवेश बारावीच्या वर्षी मिळतो, परंतु तो ठरतो आठवी, नववी आणि दहावी या तीन वर्षांत. कापड कातरण्यापूर्वी बेतावे लागते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. एकदा कात्री चालली, की मग मापाचा विचार करून उपयोग नसतो. बारावीची परीक्षा ही कात्री होय. बेतण्याचे दिवस माध्यमिक शाळेचे.

ते कसे बेतावे, ते तीन भागांत सांगतो.

पहिला भाग गणिताचा. प्रबोधिनीच्या परीक्षेतील बीजगणित, त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, संभाव्यता, सांख्यिकी हे सारे विषय अकरावी-बारावीचे म्हणून सांगितले जातात. परंतु त्यांची मुळे शालान्त परीक्षेच्या अभ्यासक्रमातच आहेत. ज्याला नववीत अवयव पाडता येत नाहीत त्याला पुढे विकलन व संकलन कोणत्याही शिकवणीत येणार नाही. आपल्याकडे एक घातक वहिवाट आहे: 'उत्तीर्ण होण्यापुरते गणित झाले म्हणजे पुरे.' जो मुलगा भाषेत उत्तम गुण मिळवून गणितात कसाबसा तरतो त्याचे आपण कौतुक करतो आणि अकरावीस गणित सोडण्याची मुभा देतो. ही मुभा देताना आपण त्याच्यापुढील किती दारे बंद करीत आहोत, याचा हिशोब कोणी मांडत नाही. ध्यानात ठेवा, कला शाखेच्या विद्यार्थ्यासही या परीक्षेत गणिताच्या पत्रिकेतून सुटका नाही. म्हणून आठवीपासून रोज एक तास, सुट्टीच्या दिवशीही, केवळ गणित. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक उदाहरण स्वतःच्या हाताने. आणि दहावीनंतर घड्याळ समोर ठेवून. आपली वडीलमाणसे पाऊण मीटर कापडातून काय निघेल आणि काय निघणार नाही ते क्षणात सांगतात. त्यांनी भूमिती वाचली नसेल, पण ती रोज वापरली आहे. तेव्हा 'आमच्या घरात गणित नाही' ही सबब निदान आपल्या समाजाने तरी सांगू नये.

दुसरा भाग भाषेचा. प्रबोधिनीची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत छापली जाते, मराठीत नाही. आमचा मराठी माध्यमावर राग नाही. मातृभाषेत शिकलेल्या मुलाचा विषय पक्का होतो, असाच आमचा अनुभव आहे. परंतु ज्या मुलाला वर्गसमीकरण उत्तम सोडविता येते, तोच 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' असे शब्द पाहून गोंधळतो. ज्याला अंकगणिती श्रेढी तोंडपाठ आहे त्याला 'अरिथमेटिक प्रोग्रेशन' म्हणजे तीच, हे ठाऊक नसते. यावर उपाय सोपा आणि फुकटचा आहे. आठवीपासून एक वही घालावी. डाव्या पानावर मराठी संज्ञा, उजव्या पानावर तिचे इंग्रजी नाव. रोज पाच संज्ञा लिहिल्या तरी तीन वर्षांत पाच हजारांवर नोंदी होतील, आणि शाळेच्या पुस्तकांत एवढ्या संज्ञाही नाहीत. याबरोबर रोज वर्तमानपत्र वाचावे. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. बातमीत ज्या गावाचे वा देशाचे नाव येईल ते नकाशात शोधून काढावे. इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी यांची निम्मी तयारी या एका सवयीने होते. बोलण्याचा संकोचही याच वयात मोडतो. शाळेच्या मेळाव्यात, गणेशोत्सवात, येथे या व्यासपीठावर पाच मिनिटे उभे राहून बोलावे. व्याकरण चुकले तर सुधारता येते; तोंडच उघडले नाही तर सुधारावयाचे काय?

तिसरा भाग शरीराचा आणि स्वभावाचा. शरीराविषयी खेड्यातील मुलास फार सांगणे नलगे. विहिरीत पोहणारा, कबड्डी-खोखो खेळणारा, सायकलीवरून शाळेत जाणारा मुलगा अर्धा तयारच असतो. तरीपण काही गोष्टी पालकांनी वेळीच पाहाव्यात. डोळ्यांची आणि रंगांच्या ओळखीची तपासणी आठवीतच करून घ्यावी. दात, कान, सपाट तळवे, जुळणारे गुडघे यांकडे लक्ष द्यावे, म्हणजे जे सुधारण्यासारखे आहे ते सुधारता येईल. दुसरे, जत्रेत हौसेने अंगावर गोंदवून घेण्याची लाट आली आहे. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस आणि हाताच्या तळव्याच्या मागील बाजूस असलेले कायम गोंदण चालते. आदिवासी समाजांच्या रूढींचा अपवाद सोडला तर अन्यत्र चालत नाही. दंडावर किंवा मानेवर काढलेले एक चित्र चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. ही गोष्ट लहान दिसते, म्हणूनच मुद्दाम सांगितली.

स्वभावाची परीक्षा सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे सेवा निवड मंडळ, घेते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि पुष्कळ उमेदवार त्याच दिवशी परत पाठविले जातात. उरलेल्यांस पुढे चित्रे दाखवून गोष्टी लिहावयास सांगतात. साठ शब्द एकामागून एक दाखवितात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते लिहावयाचे असते. साठ प्रसंग देऊन, अशा वेळी तुम्ही काय कराल, ते अर्ध्या तासात लिहून घेतात. मैदानावर आठ-दहा उमेदवारांच्या गटास फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळा ओलांडावयास सांगतात. त्यात कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण मागे राहिलेल्यास हात देतो, ते पाहतात. शेवटी दीर्घ मुलाखत आणि सर्व परीक्षकांची एकत्र सभा. अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे पंधरा गुण ठरविलेले आहेत. जबाबदारीची जाणीव, पुढाकार, सहकार्य, धैर्य, निर्णयशक्ती हे त्यांत आहेत.

हे गुण बाजारात मिळत नाहीत. उत्तरे पाठ करून गेलेला उमेदवार अनुभवी परीक्षकांपुढे फार काळ टिकत नाही, कारण पंधरा सेकंदांत पाठांतर नव्हे, स्वभाव बाहेर पडतो. मग हे गुण येतात कोठून? घरातून येतात. जो मुलगा वडील आजारी असता दुकानाचा गल्ला सांभाळतो, गिऱ्हाईकास दिलेला वायदा पाळण्यासाठी रात्री जागून काजे-बटणे करतो. जी मुलगी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेते. जी पोरे पालखीच्या वेळी दिंडीच्या पाण्याची व्यवस्था अंगावर घेतात, त्यांचे शिक्षण सुरू झालेलेच असते. मात्र पालकहो, आपण हुशार मुलाकडून घरचे एकही काम करवीत नाही. 'तू फक्त अभ्यास कर' म्हणतो. अशा मुलास कोणताही निर्णय स्वतः घेण्याची सवय लागत नाही, आणि निवड मंडळ नेमके तेच विचारते. शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेचे पथक असेल तर मुलास अवश्य घाला. नसेल तर निदान घरातील एक काम पूर्णपणे त्याच्या स्वाधीन करा, आणि ते चुकले तर चुकू द्या.

या वाटेवर मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांच्या वेळा मात्र चुकवू नयेत. सातारा येथील सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातील सैनिक शाळांमध्ये ती पहिली. चंद्रपूरची २०१९ साली निघाली. तेथे सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो. सहावीसाठी वय दहा ते बारा आणि नववीसाठी तेरा ते पंधरा असावे लागते. आपल्याच जिल्ह्यात तुळजापूर येथे श्री तुळजाभवानी सैनिकी विद्यालय आहे. दहावीनंतरची संधी तर आपल्या अधिकच जवळची आहे. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. राज्यातील मुलांस अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत प्रबोधिनीसाठी तयार करणे हेच तिचे काम. तिची प्रवेशपरीक्षा आठवी ते दहावीच्या अभ्यासावर असते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे निघाली आहे. या सर्वांच्या सूचना शासन जाहीर करते. त्या शाळेच्या फलकावर लागतील याची वाट न पाहता आपण स्वतः शोधाव्यात. आणि जनरल मनोज नरवणे, जे २०१९ ते २०२२ या काळात भूदलप्रमुख होते, ते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या नागरी शाळेतून खडकवासल्यास गेले होते, हेही विसरू नये. सैनिकी शाळा लाभली तर उत्तम; न लाभल्याने दार बंद होत नाही.

एका धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. गावोगावी 'अकादमी' नावाच्या पाट्या लागल्या आहेत. त्यांतील काही प्रामाणिकपणे शिकवितात. परंतु 'इतके रुपये द्या, निवड आमच्याकडे लागली' असे जो म्हणतो तो दलाल होय, हे पक्के समजा. लेखी परीक्षा आयोग घेतो आणि मुलाखत मंडळ घेते. मध्ये तिसऱ्यास जागा नाही. मुलाखतीस प्रथमच जाणाऱ्या उमेदवारास रेल्वेभाडेसुद्धा शासन देते. अशा दलालाच्या पदरात दागिने मोडून आलेला पैसा घालण्यापेक्षा मुलास चांगली पुस्तके आणि रोज एक ग्लास दूध द्यावे.

भगिनींनो, हे सारे बोलणे आपल्या कन्यांनाही लागू आहे. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रबोधिनीच्या परीक्षेचे दार मुलींना खुले केले. २०२२ साली पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. वधूवर परिचयासाठी येथे आलेल्या मातापित्यांस आमची नम्र विनंती आहे, की आठवी-नववीतील मुलीचे नाव त्या वहीत लिहिण्याची घाई करू नये. दुसरी एक वही तिच्यासाठी घालावी, जिचे वर्णन मघाशी केले.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा विचार. लाखांतून चारशे निवडले जातात, तेव्हा आपली बहुतेक मुले परत येणार, हे उघड आहे. परत आलेल्या मुलाशी घर कसे वागते, यावर पुढील वर्षी दुसरा कोणी जाण्याचे धाडस करील की नाही, हे ठरते. या बाबतीत आपल्याच तालुक्यातील तेरची कथा आठवावी. परंपरा सांगते, की गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट करून, हे काय, असे विचारले. याने मडके कच्चे की पक्के ते कळते, असे काकांनी सांगितले. मग आम्हां सर्वांची मडकी तपासा, असे त्या म्हणाल्या. थापटणे एकेकाच्या मस्तकावर बसू लागले. सारे स्वस्थ राहिले; नामदेव तेवढे रागावले. तेव्हा गोरोबाकाकांनी निर्णय दिला, की हे मडके कच्चे आहे.

ज्ञातिबांधवहो, ज्यांच्या नावाने आपण आज जमलो आहोत ते नामदेवमहाराज त्या परीक्षेत नापास झाले होते! भर सभेत, समवयस्कांच्या देखत नापास झाले होते. त्यांनी मग औंढा नागनाथास जाऊन विसोबा खेचरांचे पाय धरले, आपल्यात काय उणे आहे ते समजून घेतले. आणि हेच नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने जतन झाली. कच्चे म्हणजे टाकाऊ नव्हे. कच्चे म्हणजे अजून भट्टीत राहिले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. वय असेपर्यंत प्रबोधिनीची परीक्षा पुन्हा देता येते. बारावीनंतर भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना आहे. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. जवान म्हणून गेलेल्यासही आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते. आणि यांपैकी एकही साधले नाही, तरी चार वर्षे गणित, इंग्रजी, व्यायाम आणि जबाबदारी यांत घालविलेला मुलगा कोणत्याही क्षेत्रात उघडा पडत नाही. त्याने जे कमावले ते त्याच्यापाशीच राहते.

समाजाच्या चालकांस एक सूचना करून आम्ही भाषण आवरते घेतो. आपण दरवर्षी गुणवंतांस शाल-श्रीफळ देतो. ती प्रथा चालू राहो. परंतु त्या निधीतील काही भाग सत्कारापूर्वीच्या वर्षांत खर्च व्हावा. आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी दर रविवारी दोन तास गणिताचा व इंग्रजीचा वर्ग. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि एक चांगला नकाशासंग्रह असलेले कपाट. आणि सर्व प्रवेशपरीक्षांच्या तारखा ध्यानात ठेवून घरोघर कळविणारा एक कार्यकर्ता. यास फार पैसा लागत नाही, सातत्य लागते. आणि हा वर्ग केवळ आपल्या ज्ञातीपुरता ठेवू नये. शेजारच्या घरातील मूलही त्यात बसावे. ज्या संस्थेत जात विचारली जात नाही तिच्या तयारीची सुरुवात जात विचारून करणे शोभणारे नाही, आणि नामदेवांचे नाव घेणाऱ्यांना तर मुळीच नाही.

आजवर या समाजाने इतरांचे गणवेश शिवले. प्रामाणिक कष्टाचा तो धंदा होता व आहे. तयार कपड्यांच्या पेठेने तो कितीही आखडला तरी त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. इच्छा एवढीच, की आपल्यापैकी एखाद्या घरात गणवेशाचे माप घेतले जाईल तेव्हा ते घरच्याच लेकराचे असावे.

 रामकृष्णहरी. जय हिंद.